गुरुवारची सरळ रेष

"या खानावळीत साबुदाण्याशिवाय दुसरं काही मिळत नाही," मोरिवाकीसान गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आणि निसारला असा ठसका लागला की मला त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले.

भोसरीतली गुरुवारची दुपार होती. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत गुरुवारी सगळं ठप्प. कारखान्यांना सुट्टी, विजेच्या तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी, त्यामुळे लाइट सकाळीच गेलेले. आमचं ऑफिस एका नटबोल्टच्या कारखान्याच्या डोक्यावर होतं आणि एरवी आम्ही खालच्याच कँटीनमध्ये जेवायचो. गुरुवारी तेही बंद. मग कोपऱ्यावरच्या शकूमावशींच्या खानावळीला पर्याय नसायचा. शकूमावशींचा गुरुवार मोठा कडक. त्या दिवशी त्या स्वतः धान्याचा कण खात नसत आणि गिऱ्हाइकालाही खाऊ देत नसत. खिचडी घ्या, काकडीची कोशिंबीर घ्या, नाहीतर रस्ता मोकळा आहे.

"अहो, आज मावशींचा उपवास आहे," निसारचा श्वास ताळ्यावर आला तसा तो म्हणाला. "उद्या या, पिठलं-भाकरी मिळेल. रविवारी या, मटण. असला तांबडा रस्सा करतात, कानातून धूर निघतो."

"पण मी महिनाभर येतो आहे. प्रत्येक वेळी साबुदाणा होता."

"कारण प्रत्येक वेळी तुम्ही गुरुवारीच आलात!" मी म्हणाले.

"असं." मोरिवाकीसाननी चमचा ताटलीत ठेवला. ते इंग्रजी बोलायचे, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखं. "म्हणजे जो माणूस सात-सात दिवसांनी येतो, त्याला मधल्या दिवसांत काय शिजतं ते कधीच कळणार नाही."

"कसं कळणार?"

"आणि तो घरी जाऊन सांगेल, या खानावळीत फक्त साबुदाणा मिळतो. त्याला वाटेल, आपण चांगली खात्री करून घेतली आहे."

निसार पुन्हा हसत सुटला. मीही हसले. मोरिवाकीसान मात्र शेंगदाणे वेचून वेचून खाऊ लागले. जेवण झाल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडून शकूमावशींना नमस्कार केला आणि थोडी विश्रांती घेतो म्हणून रिक्षाने गेस्टहाउसवर निघून गेले.

मोरिवाकी (‘सान’ म्हणजे त्यांच्याकडचं ‘राव’) हे आमचे जपानी पाहुणे, आणि पाहुणे म्हणण्यापेक्षा परीक्षक म्हणणं जास्त खरं. त्यांची कंपनी संगणकाच्या चिपसाठी लागणारे मास्क बनवायची. मास्क म्हणजे चिपवरच्या नक्षीचा साचा. पूर्वी काचेच्या साच्यातून प्रकाश आरपार पाठवायचा आणि खाली नक्षी उमटवायची, असं साधं काम होतं. पण नक्षी बारीक होत गेली तसा प्रकाशही बारीक लागायला लागला, आणि हा नवा, अतिनील प्रकाशाच्याही पलीकडचा प्रकाश इतका भुकेला की काच असो, हवा असो, वाटेत येईल ते गिळून टाकतो. म्हणून मास्क आरसा करावा लागतो. आरशावर एका धातूचा काळा थर द्यायचा आणि त्यात नक्षी कोरायची. उघडा आरसा प्रकाश परत पाठवतो, काळा थर अडवतो.

आता तो थर किती जाड करायचा, एवढाच प्रश्न. ऐकायला किरकोळ वाटतो. पण प्रकाश आरशावर तिरका पडतो, त्यामुळे थर जाड केला तर कठड्यासारखी सावली पडते आणि नक्षी सरकते. पातळ केला तर प्रकाश गळतो आणि जिथे अंधार हवा तिथे उजेड होतो. मोरिवाकीसानच्या कंपनीने एक नवा मिश्रधातू शोधला होता आणि त्याची योग्य जाडी आम्ही गणिताने काढून द्यायची होती. बरोबर निघाली तर पुढची तीन वर्षं त्यांचं सगळं काम आमच्याकडे. चुकली तर मार्चअखेर ऑफिसला टाळं. हे अभ्यंकर सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, कारण त्यांना लपवाछपवी जमत नसे.

निळकंठ अभ्यंकर म्हणजे आमचे सर्वेसर्वा. परदेशातलं प्राध्यापकपद सोडून, बायकोची बोलणी खाऊन, त्यांनी भोसरीत हे ऑफिस थाटलं होतं. मी, ज्योत्स्ना, फलटणची; निसार बागवान मिरजेचा. आम्हा दोघांना मोठ्या कंपन्यांनी मुलाखतीच्या पुढे सरकू दिलं नव्हतं. सरांनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता, साबणाच्या फुग्यावर रंग का दिसतात. मी उत्तर द्यायला लागले आणि मध्येच ते स्वतःच खडू घेऊन उठले, तासभर रंगून बोलले आणि शेवटी "छान उत्तर दिलंस" म्हणून मला नोकरी दिली. अशा माणसाचं ऑफिस बुडावं असं कोणाला वाटेल?

तर जेवून आम्ही ऑफिसकडे निघालो. निसार वाटेत मोरिवाकीसानची नक्कल करत होता. "फक्त साबुदाणा! सात दिवसांनी येतोय आणि म्हणे खात्री केली!"

मी चालता चालता थांबले.

"निसार, आपण जाडी-गळतीच्या आलेखावरचे बिंदू किती अंतरावर घेतले?"

"सातावर. सत्तर नॅनोमीटरचे दहा भाग. सरांनीच सांगितलं होतं की. आपल्या मशीनला एका बिंदूचं गणित करायला दिवस लागतो, किती काढणार? का गं?"

"मधे काय आहे?"

"मधे काय असायचंय? रेष आहे. सरळ उतरत जाते."

"रेष आपण मारली रे. मधे आपण कधी गेलोच नाही."

निसारने माझ्याकडे पाहिलं. मग तो खानावळीच्या दिशेने पाहायला लागला. त्याचं हसू हळूहळू उतरलं.

थरातून प्रकाश थोडा परत येतो तो दोन वाटांनी. काही वरच्या पृष्ठभागावरूनच उलटतो आणि काही खाली आरशापर्यंत जाऊन वर येतो. दोघांची गाठ पडली की कधी एकमेकांना जोर देतात, कधी एकमेकांना मारतात. त्यामुळे थर जाड करत गेलं की गळती सरळ कमी होत नाही, खाली-वर होत होत कमी होते. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. सरांनीच बजावून सांगितलं होतं, "रेषेत हेलकावे दिसतील, नीट शोधा." आम्ही शोधले. एकही दिसला नाही. रेष लोण्यातून सुरी जावी तशी उतरत गेलेली. सर तर आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. "अरे, हा धातू सोनं आहे, सोनं! खालून येणारा प्रकाश पुरता गिळतोय!" त्या रेषेवर गळती चालण्याजोग्या मर्यादेत शिरत होती त्रेपन्नला, म्हणून आम्ही तीच जाडी ठरवली होती. त्याच्याहून पातळ नको, जाड कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिवाकीसानपुढे तीच मांडायची होती.

ऑफिसात मशीन बंद पडलेलं, पंखे बंद, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. सर बनियनवर बसून उद्याचं भाषण मोठ्याने म्हणत होते. मला बघताच त्यांनी घाईघाईने शर्ट अंगात घातला.

"या या. जेवलात? मोरिवाकी खूश आहे ना?"

"सर," मी सुरुवात केली. माणूस एवढा खुशीत असताना त्याला सांगायचं तरी कसं? मग एक युक्ती सुचली. "सर, लाइट यायला संध्याकाळ होईल. तोवर त्रेपन्नचं गणित फळ्यावर हाताने करून दाखवाल? ढोबळच. उद्या त्यांनी विचारलं तर मला सांगता यायला हवं."

फळा म्हटलं की सरांना दुसरं काही सुचत नसे. "ढोबळ कशाला? चांगलं करू!" म्हणत ते उठले. "बघ हं. हा थर. हा वरून उलटलेला किरण, हा खाली जाऊन आलेला. खालच्याला जादा चालावं लागलं. किती?"

"जाडीच्या दुप्पट."

"शाब्बास. म्हणजे जाडी प्रकाशाच्या लांबीच्या निम्म्याने वाढली की दोघांचं नातं पुन्हा होतं तसंच. आता आपल्या प्रकाशाची लांबी साडेतेरा. त्याच्या निम्मी पावणेसात. धातूत शिरल्यावर ती जरा ताणली जाते, म्हणजे झाली साधारण..."

खडू फळ्यावर टेकलेला राहिला. त्यांनी सात लिहिला नाही. लिहायची गरजच नव्हती.

निसार दाराशी उभा होता. खालून कोणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, त्या स्पष्ट ऐकू येत होत्या.

"दर सातावर नातं तेच," सर स्वतःशीच म्हणाले. "आणि आपण दर सातावर पाहिलं. प्रत्येक बिंदू खळग्यात पडला. म्हणून तर रेष एवढी गोड दिसली." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुला हे आधीच कळलं होतं. म्हणून मला फळ्यापाशी आणलंस."

"आत्ताच कळलं, सर. मोरिवाकीसान जेवताना म्हणाले, इथे फक्त साबुदाणा मिळतो, त्यावरून."

सरांनी पुढचे आकडे मांडले. त्रेपन्न दोन खळग्यांच्या बरोबर मध्ये पडत होता, म्हणजे उंचवट्याच्या अगदी टोकावर. मर्यादेच्या दुप्पट गळती. त्या जाडीचे मास्क केले असते तर अंधाराच्या जागी संधिप्रकाश पडला असता आणि सगळी चिप वाया. सरांनी खडू ठेवला, खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी चष्मा पुसत राहिले. मला रडू येत होतं. त्यांच्या तोंडचं "सोनं आहे, सोनं" माझ्या कानात घुमत होतं.

"सर," निसार पुढे आला, "पुढचा खळगा छप्पन्नला आहे. तिथे गळती मर्यादेत आहे. आणि छप्पन्न आपल्या रेषेवरचाच बिंदू. उद्या नुसतं म्हणू, सुरक्षिततेसाठी तीन नॅनोमीटर जास्त घेतले. आकडा बरोबर जाईल. रेषेचं नाव काढायचंच कशाला?"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. उत्तर बरोबर असताना वर्गात उभं राहून आपली चूक वाचून दाखवायची कोणाला हौस असते? ऑफिस वाचत होतं, सरांचा मान राहत होता.

"आणि ते उद्या दुसऱ्या कामाला हीच रेष वापरतील," सर म्हणाले. "साठ घेतील, रेष सांगते म्हणून. मग?"

"तेव्हा सांगू की."

"निसार, तुझ्या बुद्धीला दोष नाही. पण आकडा बरोबर आणि रेष खोटी, असं मी कोणाच्या हातात देणार नाही." मग त्यांनी उसासा टाकला आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "ऑफिस बंद पडलं तर तुमच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकेन. आता मला मधले बिंदू काढायला मदत करा. हातानेच, सोपं सूत्र धरून; मशीनइतके नेमके नसले तरी हेलकावे दिसतील. आज तरी खळगे सोडून बाकी सगळीकडे जाऊ."

दुपारभर आम्ही फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. संध्याकाळी लाइट आले तेव्हा निसार चक्क म्हणाला, "घालवा की परत, लय लागली होती." एक वळणावळणाची, हेलकावे खात उतरणारी रेघ कागदावर उतरली. दिसायला आधीच्या रेषेच्या पासंगालाही पुरणार नाही अशी. सर मात्र तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

शुक्रवारी सकाळी मोरिवाकीसान टाय लावून आले. सरांनी भाषण केलंच नाही. आधी जुनी सरळ रेष टेबलावर ठेवली.

"ही आमची रेष. ही चूक आहे. चूक माझी, पावलं मी ठरवली होती. ती सापडली या मुलीला. आता खरं काय ते तीच सांगेल."

पहिलं वाक्य मी दोनदा चुकले. पण फळ्याचं गणित रक्तात भिनलेलं, त्यामुळे एकदा सुरुवात झाल्यावर थांबणं कठीण गेलं. मोरिवाकीसान मान हलवत नव्हते, लिहून घेत नव्हते. मी छप्पन्नपाशी येऊन थांबले तसे ते उठले आणि बॅगेतून एक पारदर्शक कागद काढून त्यांनी आमच्या वाकड्या रेघेवर ठेवला. त्यावर ठिपके होते.

"आम्ही हे थर बनवून मोजले आहेत," ते म्हणाले. "मी यायच्या आधीच. पण उत्तर दाखवायची मला परवानगी नव्हती."

ठिपके आमच्या रेघेवरून चालत होते. चढावर चढत होते, उतारावर उतरत होते. एक-दोन ठिकाणी जरा बाजूला पडले होते, पण खळगा छप्पन्नलाच.

"आणखी दोघांना हेच काम दिलं होतं," मोरिवाकीसान म्हणाले. "एकाने फार सुंदर सरळ रेष पाठवली." आणि त्यांनी सरांपुढे कमरेत वाकून नमस्कार केला. सरांना काय करावं सुचेना, त्यांनीही वाकायला घेतलं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली.

काम आमच्याकडे आलं, आणि पार्टी कुठे करायची यावर चर्चा झालीच नाही. सगळे शकूमावशींकडे निघालो. त्या दारात भाकऱ्या थापत बसल्या होत्या. मोरिवाकीसानना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या की सायेब! आज येवढी मानसं घिऊन? बसा. तुमच्या आवडीचं मासं मात्र आज न्हाईत बगा. बुदवारी क्येलं हुतं तसलं कालवन परत करते की."

आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो.

"मावशी," मी विचारलं, "हे बुधवारी आले होते?"

"बुदवारी? अगं बाई, त्ये तर रोजच येत्यात, तुमची मानसं क्यांटीनला ग्येली की. मटन बी खात्यात, ठेचा बी खात्यात. परवा तर भाकरी थापून बगितली ह्यांनी. पार नकाशा क्येला तिचा."

मोरिवाकीसान भिंतीवरच्या कॅलेंडरचं बारकाईने निरीक्षण करत होते.

"मोरिवाकीसान," सर सावकाश म्हणाले, "तुम्ही काल यांना म्हणालात ना, इथे फक्त साबुदाणा मिळतो?"

"मी मास्कबद्दल एक शब्दही बोललो नाही," मोरिवाकीसान म्हणाले. "मला परवानगी नव्हती. मी जेवणाबद्दल बोललो."

निसारने कपाळावर हात मारून घेतला. सरांनी चष्मा काढला. "आणि ज्योत्स्नाच्या लक्षात आलं नसतं तर?"

"तर मी गप्प बसलो असतो. नियम तसा आहे." ते जरा घुटमळले. "तुम्ही सात-सात नॅनोमीटरवर पाहता, हे मला तुमच्या फळ्यावर दिसलं होतं. खरं म्हणजे कालचा दुसरा प्रयत्न होता. त्याच्या आधीच्या आठवड्यात मी तुम्हाला म्हणालो होतो, पुण्यात नळाला पाणी कधीच येत नाही."

पुण्यात पाइपांच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते गुरुवारी, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

"ते असं होतं होय!" सर म्हणाले. "अहो, मी तर..."

"तुम्ही टँकर पाठवला," मोरिवाकीसान म्हणाले. "पूर्ण टँकर. माझ्या एकट्यासाठी. आणि त्याच्याबरोबर अभ्यंकरवहिनी स्वतः दोन बादल्या घेऊन आल्या. मी गच्चीत उभा राहून बघत होतो. गणित यांना जमेल की नाही, मला माहीत नव्हतं. पण या लोकांसाठी आणखी एकदा प्रयत्न करायचा, हे मी तेव्हा ठरवलं."

सरांनी मोरिवाकीसानचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि शकूमावशींना हाक मारली, "मावशी, यांना आधी वाढा."